माउंटन बाइक : हँडलबारला करवत लावण्याआधी सस्पेन्शन तपासावे का?

धागाकर्ता

माझ्या ट्रेल बाइकला पुढे १४० मिमी आणि मागे १३० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलू शकते ते कमाल अंतर) आहे. हँडलबार ७८० मिमी रुंदीचा, स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा) ४५ मिमीचा, आणि दोन्ही बाइकसोबत आले तसेच आहेत. माझी उंची १६६ सेंमी असून हेल्मेट, पाणी आणि पाठपिशवी धरून वजन ६४ किलो भरते.

मला तीन तक्रारी सतावतात. चढावर बसून पेडल मारताना पुढचे चाक हलके होऊन भरकटते. अरुंद नागमोडी वळणांवर बाइक उशिरा वळते आणि बाहेरच्या बाजूचा हात पूर्ण ताणला जातो. लांब उतार संपेपर्यंत तळहात आणि मनगटे दुखू लागतात. तिन्हींचे मूळ बारच्या रुंदीत असावे असे समजून तो ७४० मिमीपर्यंत कापण्याचा माझा विचार आहे. एकदा कापलेला बार पुन्हा वाढत नाही, म्हणून आधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

प्रतिसाद १

कापण्याची घाई करू नका. ब्रेक लिव्हर, गिअर शिफ्टर आणि ग्रिप प्रत्येक बाजूला २० मिमी आत सरकवा आणि बारची टोके तशीच बाहेर राहू द्या. हातांना ७४० मिमीचा अनुभव मिळेल आणि नुकसान काहीच होणार नाही. मात्र ग्रिपच्या बाहेर उघडी राहिलेली टोके झाडाझुडपांत अडकू शकतात, त्यामुळे ही चाचणी मोकळ्या वाटेवरच घ्यावी. ग्रिपचे बाहेरचे टोक बंद असेल तर ते बारवर आत सरकणार नाही. अशा वेळी दोन्ही बाजू उघड्या असलेली ग्रिप तात्पुरती बसवा.

प्रतिसाद २

वरची सूचना योग्य आहे, पण माझ्या मते तिच्याही आधी एक पायरी आहे. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी बारच्या रुंदीमुळे होऊ शकतात, तशाच त्या पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनचा मेळ बिघडल्यामुळेही होतात. सस्पेन्शनमधील हवा कमीजास्त करून पाहणे फुकट आहे आणि ते पूर्ववतही करता येते. म्हणून कृपया आधी दोन्हीकडचा सॅग मोजून येथे लिहा.

सॅग म्हणजे स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन स्थिर अवस्थेत जितके दबते ते अंतर. मोजताना रोजचे सगळे साहित्य अंगावर असावे. लॉकआउट (सस्पेन्शन जखडणारी) किंवा कॉम्प्रेशनची (दबण्याचा वेग आवरणारी) कळ पूर्ण मोकळी ठेवावी आणि टायरमधील हवा नेहमीइतकीच असावी. भिंतीचा आधार घेऊन किंवा कुणाला तरी बाइक धरायला सांगून त्यावर चढा, सस्पेन्शन काही वेळा दाबून सोडा, नेहमीच्या पवित्र्यात स्थिर व्हा आणि सस्पेन्शनच्या दांड्यावरची रबरी कडी (ओ-रिंग) सीलला टेकवून अलगद उतरा. उतरताना धक्का बसला तर आकडा खोटा येतो.

येथे दोन ठिकाणी गफलत होते. पहिली अशी, की मागच्या शॉकचा सॅग चाकाच्या ट्रॅव्हलवरून काढला जातो, प्रत्यक्षात तो शॉकच्या स्ट्रोकवर, म्हणजे त्याचा दांडा जास्तीत जास्त जितका आत जातो त्या अंतरावर, मोजायचा असतो. आपल्या बाइकचा स्ट्रोक ५० मिमी असेल, तर २८ टक्के सॅग म्हणजे शॉकच्या दांड्यावर १४ मिमी. दुसरी अशी, की फोर्क (पुढचे सस्पेन्शन) उभ्याने मोजला जातो आणि शॉक बसून, आणि मग दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी ठेवल्या जातात. कोणतीही एक पद्धत चालेल, फक्त दर वेळी तीच असावी. ट्रेल बाइकसाठी मागे २५ ते ३० टक्के आणि पुढे १५ ते २० टक्के ही सर्वसाधारण सुरुवात मानली जाते. क्रॉस-कंट्रीसाठी हे आकडे थोडे कमी ठेवतात, तर तीव्र उतारांच्या बाइकसाठी थोडे जास्त.

हवा भरताना आणखी एक काळजी घ्या. आजच्या बहुतेक एअर स्प्रिंगमध्ये हवेचे दोन कप्पे असतात. नवी हवा आधी मुख्य कप्प्यात जाते आणि सस्पेन्शन ठरावीक जागेतून सरकल्यावरच दुसऱ्या कप्प्यात पोहोचते. म्हणून थोडी हवा भरा, मग सस्पेन्शन दहा-पंधरा वेळा सावकाश दाबा आणि त्यानंतरच पुढची हवा भरा. हे केले नाही तर पंपाने दाखवलेला दाब आणि प्रत्यक्ष वाटेवर लागणारा दाब जुळत नाहीत.

प्रतिसाद ३

सस्पेन्शन तपासायलाच हवे, याबद्दल वाद नाही. तरीही १६६ सेंमी उंचीच्या व्यक्तीला ७८० मिमी रुंद बार देणे हा बाइक उत्पादकांचा सोयीचा मार्ग आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते. रुंद बार दिला की ज्याला हवा तो कापून घेतो, अरुंद दिला तर वाढवता येत नाही. त्यामुळे कारखान्यातून आलेली रुंदी ही शिफारस नसून कमाल मर्यादा समजावी. कित्येक बारच्या टोकांवर कापण्यासाठी खुणा छापलेल्या असतात, त्या याचसाठी.

१९९० च्या दशकात ५६० ते ६०० मिमीचे बार आणि १२० मिमीच्या आसपासचे स्टेम सर्रास वापरले जात. पुढे फ्रेम लांब झाल्या, स्टेम ३५ ते ५० मिमीवर आले, हेड अँगल (फोर्कच्या वरच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन) ७०-७१ अंशांवरून ट्रेल बाइकमध्ये ६४ ते ६६ अंशांपर्यंत सपाट झाला, आणि पुढच्या चाकाला वळवण्यासाठी लागणारा जोर पुरवायला बार रुंद होत गेले. म्हणजे आजच्या फ्रेमवर ६८० मिमीचा बार शोभणार नाही हे खरेच, पण ७८० आणि ७४० यांमधील निवड अंगकाठीनेच करावी लागते. खांदे अरुंद असलेल्या व्यक्तीचे हात फार फाकले की कोपरे वाकवायला जागा उरत नाही, छाती खाली जाते आणि मनगट एका बाजूला मुडपते. धागाकर्त्यांच्या मनगटदुखीचे कारण यात असू शकते.

जमिनीवर जोर काढताना हात जितके दूर आपोआप पडतात तितका बार घ्यावा, अशी एक चाचणी सांगितली जाते. ढोबळ अंदाजाला ती ठीक आहे. पण जोर काढताना आपण फक्त ढकलतो, बाइकवर तितक्याच वेळा ओढतोही, म्हणून तिच्यावर मिलिमीटरचा हिशेब बसवू नये.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. बसून मोजलेला सॅग असा आला : शॉकवर ५० पैकी १९ मिमी, म्हणजे ३८ टक्के, आणि फोर्कवर १४० पैकी १८ मिमी, म्हणजे सुमारे १३ टक्के. मागची हवा मी आरामासाठी मुद्दाम कमी ठेवली होती. फोर्कमध्ये बाइक आली तेव्हा होती तेवढीच हवा आहे. व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर) ११९० मिमी आणि कागदावरचा हेड अँगल ६५.५ अंश आहे.

प्रतिसाद २ चे लेखक

तर मग बारचा विचार काही काळ बाजूला ठेवा. आपली बाइक पाठीमागे रेलून बसली आहे.

हिशेब ढोबळ आहे, कारण शॉक आणि चाक यांमधील लिव्हरेजचे प्रमाण (शॉक दबतो त्याच्या किती पट चाक हलते) संपूर्ण ट्रॅव्हलभर सारखे राहत नाही, पण दिशा कळायला तो पुरेसा आहे. शॉकवरचे ३८ टक्के म्हणजे मागचे चाक जवळजवळ ४९ मिमी वर आलेले. फोर्क तिरका असल्याने त्यावरचे १८ मिमी म्हणजे उभ्या रेषेत सुमारे १६ मिमी. दोन्हींतील फरक ३३ मिमी होतो आणि ११९० मिमीच्या व्हीलबेसवर तो बाइकला जवळपास १.६ अंश मागे झुकवतो. कागदावरचा ६५.५ अंशांचा हेड अँगल प्रत्यक्षात ६४ च्या खाली गेला, आणि सीट अँगलही तितकाच मागे कलला.

आता तक्रारी पुन्हा वाचून पाहा. सीट मागे कलल्याने चढावर आपले वजन मागच्या चाकावर जाते आणि पुढचे चाक भरकटते. हेड अँगल सपाट झाल्याने कमी वेगात चाक एका बाजूला कलंडू पाहते, पुढच्या टायरवर पुरेसा भार नसतो आणि वळण रुंद होत जाते. स्वार मग बार अधिक वळवून ते भरून काढतो, म्हणून बाहेरचा हात ताणला जातो. फोर्क तर आपल्या वजनाला फारच कडक आहे, त्यामुळे जे हादरे त्याने गिळायचे ते तळहातांपर्यंत येतात.

मागे हवा वाढवून सॅग १४ मिमीवर आणा आणि पुढे हवा कमी करून तो २६ ते २८ मिमीवर आणा. वरच्याच रीतीने पाहिले तर झुकाव १.६ अंशांवरून अर्ध्या अंशाच्या आसपास येतो. एका अंशाचा फरक हातांना लगेच कळतो. हवेच्या दाबाचा प्रारंभिक आकडा अनेक फोर्कच्या खालच्या नळीमागे वजनानुसार छापलेला असतो. तो केवळ प्रारंभ म्हणून घ्यावा आणि अंतिम निर्णय ओ-रिंगवर सोडावा.

प्रतिसाद ४

हवा बदलली की रिबाउंड पुन्हा लावावा लागेल, हे वरील प्रतिसादात राहिले आहे. रिबाउंड म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत उलगडण्याचा वेग. स्प्रिंग जितकी कडक तितकी ती जोराने उलगडते, म्हणून तिला आवरायला डॅम्पिंगही (हालचाल मंदावणारा विरोध) जास्त लागते. आपल्या बाबतीत मागचा दाब वाढणार आहे, म्हणजे तेथे रिबाउंड थोडा संथ करावा लागेल, आणि पुढचा दाब घटणार आहे, म्हणजे तेथे तो मोकळा करावा लागेल. नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करून तेथून उलट मोजलेले क्लिक लिहून ठेवा, म्हणजे केव्हाही मूळ जागी परतता येते.

हात दुखण्याच्या संदर्भात रिबाउंडचा एक सापळा सांगतो, कारण त्यात बरेच जण अडकतात. रिबाउंड फार संथ असेल, तर मुळांच्या किंवा दगडांच्या सलग रांगेवर फोर्क एका धक्क्यातून पूर्ण वर येण्यापूर्वीच दुसरा धक्का बसतो, मग तिसरा. प्रत्येक धक्क्याला उरलेला ट्रॅव्हल कमी होत जातो आणि शेवटी फोर्क खाली दबलेल्या, कडक भागात अडकून राहतो. स्वाराला वाटते की फोर्क कडक आहे, म्हणून तो हवा कमी करतो. त्याने फोर्क आणखी खाली बसतो आणि कडकपणा वाढतो. ओळखायची खूण सोपी आहे. पहिले एक-दोन धक्के मऊ जाऊन पुढचे क्रमाने कडक होत असतील तर दोष संथ रिबाउंडचा, आणि पहिल्याच धक्क्यापासून हात हादरत असतील तर दाब किंवा कॉम्प्रेशन जास्त आहे. याउलट रिबाउंड फार वेगवान असेल तर पुढचे चाक टणटण उड्या मारते आणि वळणावर पकड सुटते, मागचे सीटसकट वर फेकते.

मागच्या शॉकसाठी सुरुवातीची चाचणी म्हणून पदपथाच्या कडेवरून बसूनच सावकाश खाली उतरा. बाइक दबून वर आली, एकदा किंचित झोका घेऊन स्थिर झाली, तर सेटिंग जवळपास बरोबर आहे. अंतिम निर्णय मात्र ओळखीच्या वाटेच्या छोट्या तुकड्यावर, दर वेळी एकच गोष्ट बदलून घ्यावा. एका फेरीत तीन नॉब फिरवणाऱ्याला कशाने काय झाले ते कधीच कळत नाही.

प्रतिसाद ५

एक शंका. बार २० मिमीने अरुंद केला तर स्टेम १० मिमीने लांब करावा, असा नियम मी अनेक ठिकाणी वाचला आहे. त्या हिशेबाने ७४० मिमीवर गेल्यास धागाकर्त्यांना ६५ मिमीचा स्टेम घ्यावा लागेल. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद ६

तो नियम मोघम आहे आणि भूमितीत बसत नाही. हाताचा मध्य बारच्या टोकापासून साधारण ५० मिमी आत असतो. ७८० च्या बारवर तो मध्यरेषेपासून ३४० मिमीवर येईल, ७४० वर ३२० मिमीवर. खांद्याचा सांधा मध्यरेषेपासून १९० मिमीवर आणि किंचित वाकलेल्या हाताची खांद्यापासून मुठीपर्यंतची लांबी ५२० मिमी धरली, तर पायथागोरसच्या प्रमेयाने अरुंद बारवर हात फक्त ५ ते ६ मिमी अधिक पुढे पोहोचतो. त्यातही बार मागे वळलेला असतो. ८ अंशांच्या बॅकस्वीपवर (मागे वळण्याच्या कोनावर) हात २० मिमी आत सरकला की तो जवळजवळ ३ मिमी पुढेही जातो. म्हणजे निव्वळ फरक ३ मिमीच्या आसपास उरतो, त्यासाठी २० मिमी लांब स्टेम घेण्याचे कारण दिसत नाही. स्टेम लांब केल्याने वळण्याची प्रकृती बदलते, तो मुद्दा वेगळा.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहावी. बार ३० अंश वळवताना हाताला ७८० वर सुमारे १७८ मिमीची कमान कापावी लागते आणि ७४० वर १६८ मिमीची. १० मिमीचा हा फरक हाताला जाणवतो, पण ‘बाइक वळतच नाही’ ही तक्रार एवढ्याने मिटेल असे मला वाटत नाही. अरुंद बारचा खरा लाभ खांद्यांच्या ठेवणीत आणि झाडांच्या मधून जाताना प्रत्येक बाजूला मिळणाऱ्या २० मिमी जागेत आहे.

प्रतिसाद ७

माझी हार्डटेल आहे, म्हणजे मागे शॉकच नाही. तिला हा झुकावाचा हिशेब लागू होतो का?

प्रतिसाद २ चे लेखक

होतो, पण उलट दिशेने. मागचा सॅग नसल्याने बाइक केवळ पुढे झुकते. १४० मिमीच्या फोर्कवर २० टक्के सॅग म्हणजे हेड अँगल एका अंशाहून थोडा अधिक उभा होतो आणि उतारावर ब्रेक लावताना आणखी उभा होतो. म्हणून हार्डटेलवर फोर्कचा सॅग १५ टक्क्यांच्या जवळ ठेवणे आणि कमी वेगाचे कॉम्प्रेशन एक-दोन क्लिक वाढवणे मला बरे वाटते. मागच्या बाजूला टायरमधील हवा हेच आपले सस्पेन्शन आहे, तेव्हा ती डोळ्यांनी न जोखता गेजने मोजावी.

धागाकर्ता

शॉक १४ मिमी आणि फोर्क २७ मिमी सॅगवर आणला, रिबाउंड दोन्हीकडे नव्याने लावला. चढावरचे भरकटणे जवळपास थांबले. वळणे पूर्वीपेक्षा सहज जातात, तरी अगदी अरुंद वळणात बाहेरचा खांदा अजून ओढला जातो. तळहात दुखायचे थांबले, पण मनगटाची करंगळीकडची बाजू अजून दुखते. आणखी एक निरीक्षण असे, की ओ-रिंग फोर्कच्या ट्रॅव्हलच्या शेवटच्या ३० मिमीत कधीच पोहोचत नाही, अगदी मोठ्या धक्क्यालाही नाही.

प्रतिसाद ८

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. सॅग बरोबर असूनही पूर्ण ट्रॅव्हल वापरला जात नसेल, तर हवेच्या कप्प्यातील टोकन तपासा. टोकन म्हणजे कप्प्याची जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा. तो सुरुवातीच्या मऊपणावर फारसा परिणाम करत नाही, पण शेवटाकडे स्प्रिंग झपाट्याने कडक करतो. कारखान्यातून येणारी संख्या सरासरी वजनाच्या स्वारासाठी असते, त्यामुळे ६४ किलोंना एक टोकन काढून पाहणे रास्त आहे. उघडण्यापूर्वी हवा पूर्ण सोडलीच पाहिजे. दाबाखालील झाकण उघडणे धोकादायक आहे. वाटेवरच्या सर्वांत मोठ्या धक्क्याला ओ-रिंग टोकापर्यंत गेली तर ते योग्यच समजावे, प्रत्येक लहान उडीला जाऊ लागली तर टोकन परत घालावे.

कॉम्प्रेशनबद्दल एवढेच, की ‘लो-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ हे बाइकचे वेग नसून शॉकच्या दांड्याचे वेग आहेत. पेडल मारणे, ब्रेक लावणे आणि वळणाच्या कुशीत दबणे या संथ हालचाली, तर दगडाच्या सरळ कडेवर आपटणे ही वेगवान. हलक्या स्वाराने दोन्ही कळा मोकळ्या ठेवून सुरुवात करावी आणि ब्रेक लावताना फोर्क फारच डुबत असेल तेवढ्यापुरतेच लो-स्पीड वाढवावे.

उरलेली मनगटदुखी आणि खांद्याचा ताण या मात्र आता बारच्याच खाती जातात असे वाटते. प्रतिसाद ३ मधील मत येथे लागू पडते. प्रथम बार स्टेममध्ये किंचित फिरवून पाहा, कारण काही अंशांनीही मनगटाचा कोन बदलतो. ब्रेक लिव्हरही बाहूच्या रेषेत आणा. त्यानंतर ग्रिप आत घेऊन ७६० आणि ७४० दोन्ही रुंदी तपासा.

प्रतिसाद ९

सॅग तपासताना तापमानाचा विचार करावा. घरात २० अंश सेल्सिअसला ८० पीएसआय भरलेला फोर्क शून्य अंशाला साधारण ७३ ते ७४ पीएसआयवर येतो. थंडीत डॅम्परचे तेलही घट्ट होऊन रिबाउंड संथ वाटतो. शिवाय पंप पुन्हा जोडला की काही हवा नळीत जाते आणि आकडा कमी दिसतो. हवा गळली असे समजून घाबरू नये.

धागाकर्ता

ग्रिप आत घेऊन पाहिल्यावर ७६० मिमीवर मनगट सरळ राहते आणि खांद्याचा ताण जातो. ७४० वर वळणे आणखी सोपी वाटली, पण वेगात दगडांवर पुढचे चाक हाताबाहेर जाऊ लागले. त्यामुळे ७६० ठरवले आहे. एक टोकनही काढले आणि ओ-रिंग आता टोकाच्या जवळ जाते. बार कार्बनचा आहे. तो घरी कापता येईल का?

प्रतिसाद १०

येईल, पण पाइप कटर वापरू नका. तो कार्बनचे थर चिरडतो. बारीक दातांची करवत घ्या, कापण्याच्या जागी घट्ट चिकटपट्टी गुंडाळा, प्रत्येक टोकाकडून १० मिमी मोजून मध्यापासूनचे अंतर दोन्हीकडे पुन्हा पडताळा आणि कापताना जागा ओली ठेवा. ती धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क आणि हातमोजे हवेतच. कड बारीक वाळूकागदाने गुळगुळीत करा. किती कापण्यास परवानगी आहे ते उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून घ्या, ७६० ला बहुधा अडचण येणार नाही.

बसवताना ब्रेक आणि शिफ्टरच्या पट्ट्या टॉर्क रेंचनेच आवळा आणि आकडा त्या-त्या भागावर छापलेला असेल तोच घ्या. ब्रेकच्या पट्ट्यांना बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. पट्टी घसरत असेल तर जोर वाढवण्याऐवजी कार्बनसाठीची घर्षण-पेस्ट लावा. टोकांची बुचे न विसरता बसवा, कारण पडल्यावर उघडी नळी मांडीत किंवा पोटात घुसू शकते. एक सूचना शेवटची : हात आत आले की छाती थोडी वर उठते आणि फोर्कवरचा भार किंचित घटतो, म्हणून कापून झाल्यावर पुढचा सॅग पुन्हा एकदा मोजा.